विकत घेतलेल्या घराचं छप्पर: दुरुस्त करायचं की बदलायचं, आणि कसं

घर ताब्यात आलं की पहिला खर्च बहुतेकदा रंगावर होतो, आणि तोच वाया जातो. मोठा पाऊस पडला की नव्या रंगावर पिवळट कडांचा डाग उमटतो, मग पोपडे सुटतात. म्हणून क्रम आधी ठरवून घ्या: छप्पर, मग वायरिंग, मग गिलावा, सगळ्यात शेवटी रंग. सोलर पॅनल, पाण्याची टाकी, एसीचा स्टँड, डिश अँटेना यांच्या जागाही छपराच्या कामाआधीच ठरवा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर कुणी ड्रिल घेऊन गच्चीवर चढलं, तर एक भोक सगळ्या कामावर पाणी फिरवतं.

दुसरी गोष्ट निर्णयाची. फुटकं कौल, गंजका पत्रा, शेवाळलेली गच्ची पाहून लोक छप्पर बदलायला निघतात. माझ्या मते हा निर्णय खालून वर बघून घ्यायचा असतो. वासे, तुळया, सळया धड असतील तर वरचं आवरण कितीही कळाहीन असो, ते सुधारता येतं. सांगाडा खचला असेल तर वर चकचकीत पत्रा असला तरी तो उतरवावाच लागतो.

1. आधी घरातून वर बघा

शिडी लावायची घाई नको. भर उन्हात पोटमाळ्यावर जा, दिवा बंद करा आणि वर पाहा. कौलांच्या सांध्यांतून थोडा उजेड येतोच, त्याला घाबरायचं कारण नाही. वाशांवर उतरत गेलेल्या काळपट रेघा मात्र पाण्याच्या असतात. त्या जिथून सुरू होतात ती जागा खडूनं खूण करून ठेवा.

लाकडाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, विशेषतः भिंतीत शिरणाऱ्या टोकांना आणि वळचणीजवळ. निरोगी लाकडात टोक जेमतेम रुततं, कुजलेल्यात सहज आत जातं. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर वाळवी आहे असं धरा. बाहेर लांब उभं राहून आढ्याची रेघ न्याहाळा. मध्ये झोल दिसला तर दोष कौलांचा नाही, खालच्या लाकडाचा किंवा भिंतींचा आहे.

स्लॅब असेल तर हलक्या हातोडीनं खालून ठोकत जा. चांगलं काँक्रीट खणखणीत बोलतं, सुटलेलं भद्द वाजतं. डोक्यावर काही पडू शकतं, म्हणून हेल्मेट आणि चष्मा घालूनच हे करा. सळईच्या रेषेत सरळ गेलेली भेग आणि तिच्या कडेला तांबूस डाग, हे लक्षण गंभीर. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि तो दाब काँक्रीट आतून फोडतो. अशा जागी नुसता गिलावा मारणं म्हणजे लक्षण झाकणं.

एकाच खोलीच्या छताला ताजा रंग असेल, किंवा जुन्या घरात फक्त एका कोपऱ्यात नवं फॉल्स सीलिंग असेल, तर तिथली एक फळी काढून बघा. विकणाऱ्याकडे जुन्या वॉटरप्रूफिंगची पावती असेल तर मागून घ्या. हमीपेक्षाही वर कोणतं साहित्य बसलं आहे हे कळणं जास्त उपयोगाचं असतं, कारण नवा थर जुन्याला धरेल की नाही ते त्यावर ठरतं.

2. पाणी येतं कुठून, ते शोधा

सगळ्या कामात हा टप्पा अवघड आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. छतावर डाग दिसतो तिथेच वर भोक असतं, हा समज सोडून द्या. पाणी वाशावरून, पत्र्याच्या नळीतून किंवा कोब्याखालून, म्हणजे स्लॅबवर घातलेल्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थराखालून, दूरवर वाहत जातं आणि जिथे वाट मिळेल तिथे टपकतं. उतरतं छप्पर असेल तर डागापासून चढाच्या दिशेनं शोधत जा.

त्याआधी छप्पर खरंच दोषी आहे का ते पाहा. कोरड्या दिवसांतही डाग ओला राहत असेल तर टाकी, तिचा ओव्हरफ्लो किंवा भिंतीतला पाइप तपासा. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे बघा. काटा फिरत असेल तर गळती नळाच्या पाण्याची आहे. थंड पहाटे पत्र्याच्या पोटाला थेंब लोंबतात तेही गळतीचे नसतात. घरातली दमट हवा गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. त्यावर उपाय हवा खेळती ठेवण्याचा आणि पत्र्याखाली उष्णतारोधक थर देण्याचा. सीलंटच्या नळ्या रिकाम्या करून तिथे काही होणार नाही.

उतरत्या छपरावर पाइपनं पाणी सोडून चाचणी घ्या. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा वर. सुरुवात वळचणीपासून करा. एका पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा, आत काही आलं नाही तरच वरच्या पट्ट्याकडे सरका. उलट केलंत, म्हणजे आढ्यापासून सुरुवात केली, तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून वाहील आणि नेमकी जागा हाती लागणार नाही.

गच्चीवर पन्हाळीची भोकं बंद करून 24 ते 48 तास पाणी साठवतात. पण हिशोब लक्षात ठेवा: 5 सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 50 किलो वजन. खाली सळया उघड्या पडलेल्या असतील किंवा स्लॅबला झोल असेल, तर ही चाचणी अजिबात करू नका.

गळती बहुतेकदा मोकळ्या मैदानात नसते, काठांवर असते: गच्ची आणि कठड्याचा सांधा, पाण्याच्या पाइपाभोवतीची जागा, दोन पाखी जिथे खोलगट मिळतात ती पन्हळ, छपरातून बाहेर आलेली चिमणी किंवा पाइप, आणि पत्र्याचे स्क्रू. शोध इथून सुरू केलात तर बराच वेळ वाचेल.

3. आता ठरवा

मोजकी कौलं फुटली असतील, एखादा सांधा उघडला असेल, स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागाला बारीक भेगा असतील, तर दुरुस्ती. गळती जागोजागी असेल, एकीकडे बुजवलं की दुसरीकडे फुटत असेल, रिपा (कौलं ज्यांवर अडकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) निम्म्याहून अधिक कुजल्या असतील, तर बदल. तुकड्यातुकड्यानं केलेली दुरुस्ती अशा वेळी शेवटी महाग पडते.

स्लॅबला झोल, उघड्या आणि बारीक झालेल्या सळया, तुळई किंवा खांबाजवळची तिरकी भेग, भिंतीपासून सुटलेलं छत, यापैकी काहीही दिसलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याचं मत ठेकेदाराच्या मताआधी घ्या. ज्याला माल विकायचा आहे त्याला प्रत्येक घराला त्याच मालाची गरज दिसते.

वजनाचा विचार फारसा कुणी करत नाही. जुना कोबा गळतो म्हणून त्यावर नवा कोबा घालतात. विटांच्या तुकड्यांचा 10 सेंटीमीटर कोबा दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरतो. जुन्या स्लॅबच्या डोक्यावर असे दोन-तीन थर बसलेले घर मिळालं, तर वरचं ओझं उतरवणं हीच पहिली दुरुस्ती. आवरणाचा प्रकार बदलतानाही हेच. कौलं दर चौरस मीटरला साधारण 40 ते 65 किलो, तर अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा 5 किलोच्या आसपास. पत्र्याच्या सांगाड्यावर कौलं चढवणं धोक्याचं, हे लगेच पटतं. कौलं काढून पत्रा टाकतानाचा धोका मात्र सुटून जातो: हलकं छप्पर वारा उचलतो. म्हणून वासे आणि अँगल भिंतीला पट्ट्यांनी किंवा बोल्टनी जखडावे लागतात.

4. स्लॅबचं काम

सुटलेला सगळा भाग छन्नीनं काढा, घट्ट काँक्रीट लागेपर्यंत. गंज तारेच्या ब्रशनं घासून सळईला गंजरोधक लावा, मग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरनं भरा. भेगा नुसत्या सिमेंटनं पुसू नका. त्या व्ही आकारात थोड्या रुंद करून साफ करा आणि भरा. भेग हलती आहे का ते पाहण्यासाठी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं तारखेसह खूण करा. काही आठवड्यांत ती पुढे सरकली तर तिथे ताठ मॉर्टर टिकणार नाही, लवचीक सीलंटच हवा.

उतार पाणसळ लावून तपासा. दर मीटरला किमान 1 सेंटीमीटर उतार हवा आणि तो पन्हाळीच्या भोकाकडेच जायला हवा. पाणी जाण्याचे मार्ग निदान दोन ठेवा. एक पाल्यापाचोळ्यानं तुंबला तर गच्चीचं तळं होणार नाही. कठडा आणि गच्चीच्या सांध्यात काटकोन ठेवू नका, तिथे मॉर्टरची गोलाई द्या. वॉटरप्रूफिंगचा थर कठड्यावर किमान 15, शक्यतो 30 सेंटीमीटर वर चढवा. कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूला उतार द्या. माथ्यातून मुरणारं पाणी थराच्या मागून खाली येतं आणि बोल उगाच वॉटरप्रूफिंगला लागतो.

नव्या सिमेंटकामाला किमान 7 दिवस पाणी मारा. पुढचं साहित्यावर अवलंबून. सिमेंटवर आधारित कोटिंग ओलसर पृष्ठभागावर लावतात, तर अ‍ॅक्रिलिक, पॉलियुरेथेन आणि डांबरी मेम्ब्रेनला (गुंडाळीतून पसरायच्या जलरोधक चादरीला) कोरडा पृष्ठभाग लागतो. डब्यावरच्या सूचना स्वतः वाचा. कोरडेपणा तपासायला हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं सील करून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव जमलं असेल तर थांबा. कोटिंगचे दोन हात एकमेकांना आडव्या दिशेनं मारा आणि पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. किती चौरस मीटरला किती किलो लागतं ते डब्यावर असतं. त्यावरून डबे मोजून घ्या, कारण पातळ करून पसरवणं ही या धंद्यातली जुनी खोड आहे. मेम्ब्रेन घेतलीत तर पट्ट्या एकमेकींवर बाजूला 10 आणि टोकाला 15 सेंटीमीटर चढायला हव्यात, आणि पसरायला सुरुवात सखल भागाकडून करायची.

वरचा हात पांढरा दिला तर उन्हाळ्यात खालची खोली कमी तापते.

5. कौलं आणि पत्रे

कौल बदलणं सोपं आहे: वरचं कौल थोडं उचलायचं, फुटकं काढायचं, नवं रिपेवर अडकवून सरकवायचं. अडचण येते ती माप जुळण्याची. जुन्या साच्याची कौलं मिळत नसतील तर मागच्या पाख्यावरची धड कौलं पुढे आणा आणि नवी एकसारखी एका बाजूला बसवा. कौलावर पाय देताना तो खालच्या टोकाकडे, जिथे दोन कौलं एकमेकांवर चढतात, तिथे द्या. शक्य असेल तर फळी टाकूनच चाला. सगळी कौलं उतरवणार असाल तर रिपांना वाळवीचं औषध मारून घ्या आणि खाली जलरोधक कापड टाका. ही संधी पुन्हा लवकर येत नाही.

पत्रे वळचणीपासून आढ्याकडे आणि नेहमीचा वारा जिकडून येतो त्याच्या विरुद्ध टोकापासून लावत जा, म्हणजे सांध्याचं तोंड वाऱ्यासमोर येत नाही. टोकाला एक पत्रा दुसऱ्यावर किमान 15 सेंटीमीटर चढवा, उतार कमी असेल तर अधिक. स्क्रूखालचा रबरी वॉशर किंचित दबेल इतकंच आवळा. फार आवळला तर तो चिरतो. काठ आणि कोपरे वारा आधी पकडतो, तिथे स्क्रू दाट लावा. जुना पत्रा फक्त स्क्रूपाशी गळत असेल तर स्क्रू आणि वॉशर बदलून अनेक वर्षं निभतं.

जुना राखाडी सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच समजून चाला. तो कापणं, फोडणं, ड्रिल करणं, कोरडा घासणं टाळा. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोगापर्यंतचे आजार होतात. हे काम जाणत्या माणसांकडून, पत्रा ओला करून, अख्खा उतरवूनच करून घ्या. आणि त्यावर कधीही उभं राहू नका. तो दिसतो टणक, पण माणसाच्या वजनानं अचानक फुटतो. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्याचंही तसंच.

उंचीवरचं कुठलंही काम ओल्या छपरावर, वाऱ्यात किंवा एकट्यानं करू नका. शिडीचा पाय उंचीच्या चौथ्या भागाइतका भिंतीपासून लांब हवा, आणि अंगावर घातलेला सुरक्षा पट्टा (हार्नेस) भक्कम जागी बांधलेला.

6. ठेकेदाराशी बोलताना

लेखी घ्या: कोणतं साहित्य, किती हात, जुना थर काढणार की नाही, राडारोडा कोण नेणार. राडारोड्याचा ढीग छपरावर एका जागी रचू द्यायचा नाही, रोजच्या रोज खाली उतरवायचा. संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच छप्पर एका दिवसात उघडायचं आणि ताडपत्री आधीच वर आणून ठेवायची. झाकली जाणारी प्रत्येक पायरी झाकण्याआधी फोटोत घ्या. पैसे टप्प्यानं द्या आणि शेवटचा हप्ता पाण्याच्या चाचणीनंतर.

गच्ची सामाईक असेल तर काम काढण्याआधी बाकीच्या मालकांची लेखी संमती लागते. खर्चाची वाटणीही तेव्हाच ठरवून घ्या.

काम झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात तीच खडूची खूण जाऊन बघा. आतल्या रंगाचं काम त्यानंतरच काढा, आणि त्याआधी भिंती पूर्ण वाळू द्या. उरलेली कौलं, स्क्रू, कोटिंगच्या डब्याचं नाव आणि कामाचे फोटो एकत्र ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर आणि प्रत्येक वादळानंतर पन्हळ आणि पाइपाच्या जाळ्या साफ करा.