डिमेन्शियाच्या माणसाला सांभाळणारं केंद्र बघताय? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

जागा बघायला गेलं की आपण फरशी बघतो, बाग बघतो, देवघर आहे का बघतो आणि मालकांच्या केबिनमध्ये चहा घेऊन परत येतो. घर भाड्याने घ्यायचं असतं तर एवढं पुरलं असतं. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया झालेल्या माणसाचा दिवस मात्र केंद्रात कामाला असलेल्या एखाद्या मावशीच्या नाहीतर मामांच्या हाताखाली जातो. त्यातही कसोटी लागते ती दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत. बहुतेक चुका इथेच होतात. आपण चुकीच्या वेळी जातो आणि ज्याच्या हाती काही नाही अशा माणसाशी बोलून येतो.

पाटी वाचून आत जाणं

राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत ‘नर्सिंग होम’ची पाटी दिसली, तर ते बहुधा बाळंतपणाचं किंवा ऑपरेशनचं छोटं हॉस्पिटल असतं. वृद्धाश्रमांपैकी बरेचसे स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. आणि अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणारी केंद्रं असतात, तिथे चालत्या माणसाची सोय नसते. आपला माणूस या कुठल्याच खणात नीट बसत नाही. पाय धडधाकट असतात, पण संडासाचं दार कुठलं ते कळत नाही.

म्हणून फोनवरच स्पष्ट विचारा, “डिमेन्शियाचे किती जण आत्ता तुमच्याकडे आहेत? कुठल्या अवस्थेत तुम्ही ‘घेऊन जा’ म्हणता?” दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. चालता-बोलता असताना दाखल करून घेतात आणि रात्री ओरडायला लागला किंवा कपडे भरायला लागले की फोन येतो, “तुमच्या पेशंटला न्या.” ही अट काय आहे आणि किती दिवसांची मुदत देणार, हे कागदावर घ्या.

रविवारी सकाळी, पाच पाहुण्यांना घेऊन जाणं

त्या वेळी सगळे आंघोळ करून, पावडर लावून बसलेले असतात. जायचं तर संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला, न सांगता. डिमेन्शियाच्या अनेकांना याच वेळी घालमेल सुरू होते. उजेड कमी होतो, दिवसभराचा शीण असतो, शरीराचं घड्याळ बिघडलेलं असतं. मग “मला घरी जायचंय” सुरू होतं, येरझाऱ्या सुरू होतात, कुणी रडतं, कुणी दार वाजवतं. डॉक्टर याला सनडाउनिंग म्हणतात. नेमक्या याच वेळेला ड्युटी बदलत असेल आणि सगळे कर्मचारी खोलीत हजेरी लिहीत बसले असतील, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

एका केंद्रात मी बघितलेला प्रसंग सांगतो. ऐंशीच्या पुढचे आबा, तरुणपणी तालमीत कसलेले. सहा वाजता दाराशी येऊन उभे राहिले. “तालमीत जायचंय, वस्ताद वाट बघत्यात.” ड्युटीवरचा पोरगा म्हणाला, “आबा, कसली तालीम आता? बसा गप.” आबांनी काठी उगारली. तेवढ्यात आतून एक वयस्कर मामा आले. त्यांनी काठीला हात लावला नाही, दाराच्या आणि आबांच्या मधेही उभे राहिले नाहीत. नुसते शेजारी येऊन म्हणाले, “पोरं अजून हौदा उकरायला लागल्यात, आबा. तवर दूध घ्या की.” आणि खांद्यावर हात ठेवून व्हरांड्यात दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला आबा वस्तादांना विसरून दूध पीत बसले होते.

अशी माणसं केंद्रात किती आहेत, हे विचारायचं असतं. तेव्हा “स्टाफ किती?” हा प्रश्न अर्धा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा किती जण जागे असतात? जागे, म्हणजे पडवीत गादी टाकून झोपलेले नव्हेत. त्यातला कोण वर्षभरापेक्षा जुना आहे? आणि खास आपल्याकडचा प्रश्न: गणपतीत, दिवाळीत, जोतिबाच्या यात्रेला अर्धी माणसं गावी जातात, तेव्हा कोण असतं? मालक इथे अडखळले तर उत्तर मिळालं असं समजा.

शांतता बघून हुरळून जाणं

दुपारी चार वाजता एका हॉलमधले सगळेच्या सगळे माना टाकून बसलेत, तर मला ते चांगलं लक्षण वाटत नाही. डिमेन्शियाचा माणूस थोडाफार अस्वस्थ असणारच. सगळे एकदम शांत, तर औषधांचा तक्ता मागा.

आक्रमकपणा, भास यांसाठी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांमुळे डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने नव्या औषधांबाबत २००५ मध्ये आणि जुन्या औषधांबाबत २००८ मध्ये दिला. म्हणजे ती कधीच देऊ नयेत असं नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर डॉक्टर कमी डोस, ठरावीक दिवसांसाठी देतात आणि पुन्हा तपासतात. विचारायचं ते हेच: गोळी कोणी लिहिली, का लिहिली, पुन्हा कधी बघणार? ‘लेवी बॉडी’ प्रकारचा डिमेन्शिया असेल तर फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून द्या. या रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारख्या अँटिसायकोटिक औषधाने अंग ताठरणं, शुद्ध हरपणं असा गंभीर त्रास होऊ शकतो. चालू गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

गोळी नसेल तर दोरी. मनगटावर, कमरेवर वळ आहेत का बघा, खुर्चीच्या दांड्याला ओढणी बांधलेली आहे का बघा. “पडतील म्हणून बांधतो” हे उत्तर सर्रास मिळतं. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो आणि त्यात जास्त वाईट पडतो. शिवाय एकाच जागी राहून पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. चांगल्या केंद्रात फिरायला बंदिस्त अंगण असतं, पलंग बुटका असतो, संडासात रात्री दिवा असतो आणि गेटची कडी सहज दिसत नाही.

दाखल करताना लपवणं

ही चूक घरच्यांची, आणि भीतीपोटी होते. आजोबा रात्री उठून मारतात, सुनेवर चोरीचा आळ घेतात, दोनदा गंगावेशीपर्यंत चालत गेले होते. हे सांगितलं तर घेणार नाहीत, म्हणून “थोडं विसरतात” एवढंच सांगायचं. चार दिवसांत खरं कळतं. तोवर कुठल्याच तयारीशिवाय माणूस गेटबाहेर गेलेला असतो.

सगळं सांगा, आणि नुसतं वाईटच नको. एका पानावर लिहून द्या: हाक कुठल्या नावाने ऐकतात, चहा किती वाजता, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, कशाची भीती, कशाने शांत होतात, आयुष्यभर काम काय केलं. गुऱ्हाळावर राबलेल्या माणसाला पहाटे तीनला जाग येते, त्यात आजार शोधायला नको. हे पान कपाटात न ठेवता पलंगाशेजारी चिकटवायला लावा. वरच्या प्रसंगातल्या मामांना आबांची तालीम ठाऊक होती, म्हणून ते बोलू शकले.

दागिन्यांचंही इथेच सांगतो. सोनं घालून पाठवू नका, हे सगळे सांगतात. पण चाळीस-पन्नास वर्षं साज आणि पाटल्या घातलेल्या आजीचा गळा एकदम मोकळा केला की ती दिवसभर चाचपत बसते, चोरी झाली म्हणते. महाद्वार रोडवर खोटा साज मिळतो, तो घाला. चष्मा, कवळी, कानाचं मशीन यांवर नाव लिहा. हरवणाऱ्या वस्तूंमध्ये यांचा नंबर पहिला.

जेवण चाखून बघणं, भरवताना न बघणं

आमटी चांगली आहे की नाही हे दुय्यम. ताट समोर ठेवून दहा मिनिटांनी तसंच उचलून नेतात का, ते बघा. पुढच्या अवस्थेत घास गिळण्याचा क्रमच बिघडतो. आडवं ठेवून घाईने भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. सरळ बसवून, लहान घास, एक गिळला की दुसरा. भाकरी आमटीत चांगली कुस्करून. पातळ पाण्यानेच ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारून दाट पेय. दर महिन्याला वजन करून लिहितात का, हा साधा प्रश्न विचारा. वही दाखवली तर उत्तम.

पूर विसरणं

उन्हाळ्यात नदीकाठची जागा फार छान वाटते. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापुरात पाणी कुठवर आलं होतं ते मालकांना नव्हे, शेजारच्या टपरीवाल्याला विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. केंद्र माणसं कधी हलवायला लागतं, कुठे नेतं, कशातून नेतं? शिरोलीजवळ हायवे बंद पडला तर औषधं, डायपर, ऑक्सिजन किती दिवसांचा साठा असतो? जनरेटर तळमजल्यावर असेल तर तो पुरात पहिला जाणार.

पैशांचं थोडक्यात. महिन्याच्या आकड्यात डायपर, वेगळा अटेंडंट, औषधं, डॉक्टरांची फी धरली आहे का. मधेच नेलं किंवा माणूस गेला तर डिपॉझिट किती दिवसांत परत. रात्री दोनला सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) न्यायची वेळ आली तर सोबत कोण जाणार. पावती प्रत्येक वेळी.

दाखल केल्यावर काय बिघडतं

“पंधरा दिवस भेटायला येऊ नका, रुळू द्या,” असं सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. भेट छोटी ठेवा, जेवणाच्या वेळी जा, निघताना मोठा निरोप घेऊ नका, पण जा. कधी दुपारच्या जेवणाला, कधी रात्रीच्या, अशी भेटीची वेळ दर वेळी वेगळी ठेवा. म्हणूनच पुण्यातल्या चकचकीत केंद्रापेक्षा कोल्हापुरातलं साधं बरं, जिथे भाचा, पुतणी, शेजारचे काका सहज डोकावतील आणि मावशी आपल्या बोलीत बोलतील.

माणूस एक-दोन दिवसांत अचानक जास्त भ्रमिष्ट झाला, सारखा झोपू लागला किंवा कुणाला ओळखेना झाला, तर “आजार वाढला” हे उत्तर घेऊ नका. डिमेन्शिया सहसा असा एका रात्रीत वाढत नाही. लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, न सांगितलेलं पडणं, छातीत कफ; त्याच दिवशी डॉक्टरांकडून हे तपासून घ्या. पाठ, टाचा, कंबर स्वतः उघडून बघा. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर जखमेची सुरुवात आहे. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी, आणि ते लिहिलेलं हवं.

तक्रार आधी ड्युटीवरच्या माणसाशी न भांडता व्यवस्थापकांकडे, तारीख घालून, लेखी करा. ऐकलं नाही तर ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाईन १४५६७ आहे, फोन मोफत. मारहाण किंवा कोंडून ठेवल्याचं दिसलं तर पत्रव्यवहारात वेळ न घालवता फोटो काढा, माणसाला त्याच दिवशी बाहेर काढून डॉक्टरांना दाखवा आणि पोलिसांत जा. डिपॉझिटचं नंतर बघता येतं.