गावच्या घरासाठी जुना प्लाझ्मा टीव्ही: दोन संचांतून एक कसा निवडावा

मुंबई-ठाण्याच्या घरात नवा टीव्ही आला की जुना संच गणपतीच्या आधी गावच्या घरी रवाना होतो, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे सर्रास चालते. अशा जुन्या संचांत अजूनही अधूनमधून प्लाझ्मा टीव्ही निघतो, आणि कधी दोन नातेवाईक एकाच वेळी आपापला संच देऊ करतात, तेव्हा कोणता घ्यावा हा प्रश्न खरोखरच उभा राहतो. पॅनासोनिकने प्लाझ्मा पडद्यांचे उत्पादन २०१३ च्या अखेरीस थांबवले, सॅमसंग आणि एलजी यांनी २०१४ मध्ये. म्हणजे आज हाती येणारा प्रत्येक संच दहा वर्षांहून जुना आहे. म्हणून खोक्यावर छापलेल्या आकड्यांपेक्षा या संचाचे आजचे चित्र आपल्या खोलीत आणि आपल्या उजेडात कसे दिसते, यालाच माझ्या मते सर्वाधिक वजन द्यावे.

प्लाझ्मा पडद्यात निऑन आणि झेनॉन वायूंनी भरलेल्या लाखो सूक्ष्म कप्प्यांत विद्युतविसर्ग होतो, त्यातून अतिनील किरण निघतात आणि त्यांनी कप्प्यातला लाल, हिरवा किंवा निळा फॉस्फर, म्हणजे किरण पडताच प्रकाशणारा लेप, उजळतो. मागे वेगळा दिवा नसतो. प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो. यामुळेच गणपतीत माजघर माणसांनी भरले आणि कोणी स्वयंपाकघराच्या दारातून, कोणी थेट भिंतीलगत बसून पाहत असले, तरी सर्वांना रंग सारखेच दिसतात. मात्र हा गुण सर्वच प्लाझ्मा संचांत असल्यामुळे दोन प्लाझ्मांची तुलना करताना बाजूने पाहण्यात वेळ घालवू नये. काळ्या रंगाची खोली, उजेडात टिकणारी प्रखरता, हालचालीची स्वच्छता आणि पडद्यावर राहिलेले डाग यांत खरा फरक पडतो.

दोन्ही संच शेजारी-शेजारी ठेवता आले तर उत्तम. ते बहुधा जमत नाही. मग एकच पेनड्राइव्ह दोन्ही ठिकाणी न्यावा. त्यात आपल्या चेहऱ्यांची काही छायाचित्रे, तसेच पूर्ण पडदाभर एकच रंग असलेली पांढरी, करडी, लाल, हिरवी, निळी आणि काळी चित्रे ठेवावीत. चित्रफीत न्यायची तर ती साध्या फुल एचडीची असावी, कारण इतके जुने संच हल्लीच्या फोर-के फिती वाचत नाहीत. दोन्ही संचांवर चित्राची पद्धत ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करावी, खोलीच्या उजेडानुसार चित्र बदलणारा सेन्सर आणि वीजबचतीची सोय बंद करावी, सेट-टॉप बॉक्स दोन्ही ठिकाणी एचडीएमआय तारेनेच जोडावा आणि अर्धा तास संच चालू राहू द्यावा. ‘डायनॅमिक’ पद्धतीत केलेली तुलना पूर्णपणे निरर्थक ठरते, कारण त्या पद्धतीत कोणताही संच नजरेत भरतो.

पहिली परीक्षा रात्री, दिवे मालवून करावी. काळे चित्र लावून पडदा खोलीच्या अंधारात मिसळून जातो की करडा उठून दिसतो, हे पाहावे. प्लाझ्माची सारी श्रीमंती या काळ्या रंगात असते. तोच करडा असेल तर त्या संचासाठी वाढीव वीजबिल भरण्याला फारसा अर्थ उरत नाही. पायोनियरचे २००७ पासूनचे कुरो संच याच गुणासाठी नावाजले गेले, आणि २०१३ सालच्या संचांत पॅनासोनिकच्या व्हीटी६० चा काळा रंग अधिक खोल, तर सॅमसंगच्या एफ८५०० ची प्रखरता अधिक, असे जाणकारांचे मत होते. ही निवड आपल्याकडेही तशीच लागू होते. जुन्या कौलारू घरातले माजघर दुपारीही काळोखे असते, तिथे खोल काळा रंग देणारा संच घ्यावा; टीव्ही उघड्या ओटीवर किंवा मोठ्या खिडक्यांच्या स्लॅबच्या घरात ठेवायचा असेल, तर प्रखर संच बरा.

म्हणून दुसरी परीक्षा दिवसा, दार उघडे ठेवून करावी. पडद्याच्या काचेत अंगण किती स्पष्ट दिसते हे पाहावे, कारण परावर्तन रोखणारा थर सर्व संचांवर सारख्या दर्जाचा नसतो. त्यानंतर काळ्या पार्श्वभूमीवरचा लहान पांढरा चौकोन आणि पूर्ण पांढरा पडदा आलटून पालटून लावावा. विजेचा भार मर्यादेत ठेवण्यासाठी प्लाझ्मा संच पूर्ण पांढऱ्या चित्रात आपोआप मंदावतो. कोणता संच कमी मंदावतो हे इथे कळते. क्रिकेटच्या उजळ मैदानात हा फरक सर्वांत जास्त जाणवतो.

हालचाल तपासण्यासाठी सामना किंवा बातम्यांची सरकणारी पट्टी पाहावी. जोरात हलणाऱ्या पांढऱ्या वस्तूच्या कडेला पिवळसर-हिरवट शेपूट दिसणे, किंवा चेहरा वळताना गालावर रंगांचे पट्टे उमटणे, हे प्लाझ्माचे ठाऊक असलेले दोष आहेत. काही डोळ्यांना ते दिसतात, काहींना नाही, म्हणून घरातल्या दोघा-तिघांना दाखवावे. आपल्याकडचे प्रक्षेपण ५० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र ताजे करणारे, असल्यामुळे काही संचांवर उजळ चित्र बारीक थरथरते. ते टीव्हीकडे थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवल्यास लगेच कळते.

पडद्यावरच्या डागांची तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. एकरंगी चित्रे लावून कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह किंवा खालच्या बाजूला बातम्यांच्या पट्टीची सावली दिसते का, ते नीट पाहावे. काही तास पडदाभर हलते चित्र चालवल्यावर सावली पुसट झाली तर ती तात्पुरती होती. जशीच्या तशी राहिली तर फॉस्फर तिथे असमान झिजला आहे आणि तो दुरुस्त होत नाही. दिवसभर वृत्तवाहिनी चालणाऱ्या दुकानातला किंवा हॉटेलातला संच म्हणूनच टाळावा.

आकाराबाबत थोडक्यात: ४२ इंची एचडी रेडी प्लाझ्मात बहुधा १०२४ × ७६८ बिंदू असतात, आणि साध्या डीटीएच वाहिन्या आठ-दहा फुटांवरून पाहणाऱ्या घराला ते पुरतात. ५० इंची संच घेताना मात्र फुल एचडीचाच आग्रह धरावा.

आता किमतीचा हिशेब. चित्राच्या उजळपणानुसार विजेचा वापर बदलतो, पण ५० इंची प्लाझ्मा सरासरी २५० वॅट घेतो असे धरले आणि तो रोज पाच तास चालला, तर महिन्याला सुमारे ३७ युनिट होतात. ८० वॅटच्या एलईडी संचाला १२ युनिट पुरतात. फरक वर्षाला साधारण ३०० युनिटांचा. हा आकडा आपल्या वीजबिलातल्या दराने गुणावा, आणि एरवी महिन्याला १०० युनिटांच्या आत राहणाऱ्या घराने पुढच्या टप्प्याचा वाढीव दर धरावा. अशी दोन वर्षांची रक्कम जुन्या संचाच्या किमतीत मिळवून बेरीज नव्या एलईडीच्या जवळ जात असेल, तर प्लाझ्मा घेऊ नये. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतेच घर उघडणाऱ्या कुटुंबाला विजेचा भार नगण्य वाटेल. त्यांना बंद घरातल्या दमटपणाची काळजी जास्त घ्यावी लागेल.

किनाऱ्यावर खारी हवा हा स्वतंत्र विषय आहे. मागचे स्क्रू गंजले आहेत का, एचडीएमआयच्या खाचांत हिरवट थर आहे का, हे टॉर्चने पाहावे. एकाच मॉडेलचे दोन संच असतील तर मालवण किंवा गुहागरच्या समुद्रालगत वापरलेल्यापेक्षा शहरात, समुद्रापासून दूर वापरलेला घ्यावा, मग तो थोडा महाग पडला तरी चालेल. चालू केल्यावर संच क्षणात बंद पडून लाल दिवा लुकलुकत राहिला, तर आतला एखादा बोर्ड गेलेला असतो. सुटे भाग आता जुन्या संचांतूनच काढावे लागतात, त्यामुळे स्वस्तात मिळाला तरी असा संच सोडून द्यावा. उजळ चित्रात मंद गुणगुण ऐकू येणे मात्र प्लाझ्मात सामान्य आहे. ती निजानीज झालेल्या घरात खटकते का, एवढेच पाहावे.

निवड झाल्यावर संच गावी नेताना उभाच ठेवावा, आडवा कधीही टाकू नये, कारण वजनाने मोठी काच घाटातल्या धक्क्यांनी तडकते. घरी अर्थिंग तपासून घ्यावे, चांगला स्टॅबिलायझर लावावा, आणि मृगाच्या आधीच्या तसेच परतीच्या पावसातल्या विजांच्या वेळी प्लगबरोबर डीटीएचच्या छत्रीची तारही सेट-टॉप बॉक्सपासून काढून ठेवावी, कारण वीज त्या तारेतूनही आत येते.