पोथी छापली कधी, हे कसं शोधायचं

आजीच्या देव्हाऱ्यातलं शिवलीलामृत तीनशे वर्षांचं आहे, असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पुरावा म्हणून शेवटाकडची ओवी दाखवायचे : 'शके सोळाशें चाळीस'. आता ही साल श्रीधरांनी बारामतीत ग्रंथ पुरा केल्याची. पोथी तर छापील! मुद्रक गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, पंचांग काढलं तेच मुळी १८३१ साली.

तेव्हा ओव्यांमधली साल बाजूला ठेवा आणि आधी मुखपृष्ठ व अखेरचं पान बघा. १८६७ च्या कायद्यानं मुद्रकाचं नाव-गाव छापणं बंधनकारक केलं, त्यामुळे 'अमुक छापखान्यांत छापून प्रसिद्ध केलें' अशी ओळ बहुतेक सापडतेच. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची प्रत असेल तर मालकाचं नाव वाचा. जावजी दादाजी १८९२ साली वारले. तुकाराम जावजी हे नाव त्यानंतरचं, पांडुरंग जावजी त्याहून पुढचं. एका छापखान्याच्या पिढ्या अशा मुखपृष्ठावरच मोजता येतात.

शक दिला असेल तर ७८ मिळवा. पौष, माघ, फाल्गुन असेल तर बहुधा ७९. संवत्सराचं नाव असलं तर ताळा करून घ्या. शके १८०५ सुभानु, म्हणजे १८८३-८४. नुसतं 'सुभानु' असेल तर मात्र पंचाईत, कारण साठ वर्षांनी तेच नाव परत येतं.

मुखपृष्ठच गेलं असेल, आणि पोथ्यांचं तेच आधी जातं, तर पान उजेडात तिरपं धरून मागच्या बाजूनं बोट फिरवा. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत अक्षरांचा दाब बोटाला लागतो. शिळाछाप सपाट. शिवाय एकाच पानावरचे चार 'क' शोधून शेजारी शेजारी ताडून बघा. शिळाछापात मजकूर आधी हातानं लिहिलेला असतो, म्हणून प्रत्येक 'क' थोडा निराळा निघतो. हे बघायला मला भिंग लागतं, तुम्हाला कदाचित नाही लागणार.

किंमत ही फार बोलकी खूण. आणे असतील तर बहुतेक १९५७ च्या आधीची. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ च्या आसपासची. पुढे 'नये' गळलं. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १९७२ नंतरची. शुद्धलेखनही बघा, पण प्रस्तावनेतलं. 'नाहीं', 'केलें' यांवरचे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. ओव्यांमध्ये ते आजही तसेच छापतात, त्यामुळे तिथे फसाल.

आणि जाहिरातीची पानं! 'आमचेकडे मिळणारीं पुस्तकें' अशी यादी मागे असते. त्या यादीत गुरुचरित्र, पांडवप्रताप, आरत्या, पंचांग यांतलं काय आहे, कितीला आहे, कापडी बांधणी वेगळी मिळायची का, यावरून त्या प्रकाशकाचा धंदा कळतो. दोन प्रतींच्या याद्या शेजारी ठेवल्या तर तो कुठून कुठे गेला तेही दिसतं. मी बायंडिंग शिकत होतो तेव्हा ही पानं मळकी म्हणून कापून टाकायचो. किती टाकली असतील, हिशेब नाही. तुम्ही बांधायला द्याल तेव्हा 'एकही पान काढायचं नाही, जुना पुठ्ठाही परत हवा' असं बजावून सांगा.

आजीच्या पोथीचा उलगडा पुठ्ठ्यातच झाला. पाठीला आतून चिकटवलेली कागदाची पट्टी ओल्या फडक्यानं हळूहळू सोडवली. ते तिचंच जुनं वेष्टन निघालं, 'किं. १ रु. ५० न. पै.' काकांनी ते दोनदा वाचलं. हल्ली ते पाहुण्यांना 'ग्रंथ तीनशे वर्षांचा' असं सांगतात. त्यात खोटं काही नाही.