टीम-बेस्ड लर्निंगमध्ये मुलांचा इंटरेस्ट घालवणारे नियम : या चुका टाळा

वर्गात टीबीएल, म्हणजे टीम पाडून टीममधूनच शिकवायची टीम-बेस्ड लर्निंग पद्धत, सुरू केली, पहिले दोन आठवडे जोरात गेले आणि मग मुलं गळाठली, असं झालं असेल तर मुलांवर चिडायच्या आधी स्वतःचा नियमांचा कागद काढून वाचा. माझ्या पहिल्या कागदावर "मार्क कापले जातील" नऊ वेळा होतं, मोजलं तेव्हा माझं मलाच कसंतरी झालं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे टीम मुलांना पाडू देणं. मग हॉस्टेलची गँग एकीकडे, टॉपर एकीकडे, आणि उरलेल्यांची एक टीम, जिला आपण उरलेले आहोत हे पक्कं माहीत असतं. टीम आपण पाडायच्या, ५ ते ७ जणांच्या, आणि कशा पाडल्या ते वर्गासमोर सांगायचं. सेमिस्टरभर बदलायच्या नाहीत, दर युनिटला बदलल्या तर मुलं जेमतेम ओळखीची होतात तोवर पुन्हा अनोळखी.

दुसरं, युनिटच्या सुरुवातीची, आधी वाचायला दिलेल्या मजकुरावरची टेस्ट. आधी एकट्याने, मग तोच पेपर टीमने. टीमसाठी खरवडायचं कार्ड असतं, जुन्या रिचार्ज कूपनसारखं, पहिल्या फटक्यात बरोबर आलं तर ४ मार्क, दुसऱ्यात २, तिसऱ्यात १. माझ्याकडे एक मुलगी हळूच "बी आहे ना" म्हणाली, कोणी ऐकलं नाही, सी खरवडलं, चुकलं, आणि पुढच्या प्रश्नाला पाचही जण आधी तिच्याकडे बघायला लागले! हे मी दहा लेक्चर देऊन घडवू शकलो नसतो. पण एकट्याची टेस्ट सरळ फायनल मार्कात मोठ्या वजनाने टाकली की मुलं शिकायला नाही, वाचायला येतात, म्हणजे जीव वाचवायला. वजन कमी ठेवा आणि सगळ्यात वाईट गेलेली एक टेस्ट सोडून द्या, त्यासाठी मेडिकल सर्टिफिकेट वगैरे मागत बसू नका.

अपील, म्हणजे टेस्टमध्ये चूक ठरलेलं आपलं उत्तर बरोबर कसं हे टीमने मांडणं, ते तर बहुतेक जण गाळूनच टाकतात, वेळ नाही म्हणून. गाळू नका. टीमने लेखी द्यायचं, वाचायला दिलेल्या मजकुरातला आधार दाखवून, आणि पटलं तर मार्क फक्त अपील करणाऱ्या टीमलाच. चुकलेला प्रश्न मुलं इतक्या ईर्ष्येने पुन्हा वाचतात की बस.

आता खरी डोकेदुखी, एकमेकांना मार्क देणं. आपल्याकडे सगळे सगळ्यांना दहापैकी दहा देतात, दोस्तीखात्यात, आणि काहीच न करणारा आरामात पास. लॅरी मायकेलसन, ज्यांनी १९७० च्या दशकाअखेर ओक्लाहोमा विद्यापीठात टीबीएलची पद्धत काढली, त्यांच्या फॉर्ममध्ये सगळ्यांना सारखे मार्क देताच येत नाहीत, सरासरी १० ठेवून एकाला तरी ११ किंवा जास्त आणि एकाला तरी ९ किंवा कमी द्यावेच लागतात. मला हे जरा कडक वाटतं, चांगल्या टीममध्ये उगाच भांडण लागतं. मी सेमिस्टरच्या मध्यावर एक राऊंड बिनमार्कांचा घेतो, फक्त दोन ओळी, "हे चालू ठेव" आणि "हे बदल". आळशी पोराला तेव्हाच कळतं आणि सुधारायला वेळही असतो, शेवटी कळून काय उपयोग.

आणि मार्कांचं वजन? टेस्ट, टीमचं काम, एकमेकांचे मार्क यांची रेंज तुम्ही ठरवा, त्यातला नेमका आकडा टीमच्या प्रतिनिधींना पहिल्या आठवड्यात ठरवू द्या. अर्धा तास जातो, थोडी आरडाओरड होते, पण नंतर "सर, हे अनफेअर आहे" म्हणत केबिनला येणारे निम्म्याने कमी झाले.