एकाच वहीत कर्ण आणि हेलियम

मी देवगड तालुक्यात बावीस वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी सहल विजयदुर्गाला. तिथल्या साहेबाच्या ओट्यापाशी, म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांच्या नावाशी जोडलेल्या दगडी ओट्यापाशी, मुलांना उभं करून सांगायचे, "१८६८च्या ग्रहणात लॉकियरसाहेबांनी इथूनच हेलियम शोधला." मुलं चिऱ्याला हात लावून बघायची. पुढे वाचताना कळलं, त्या साली लॉकियर इंग्लंडात होते. विजयदुर्गाला आले ते जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. तीस वर्षांचं अंतर सांगता-सांगता गळून गेलं होतं आणि सांगणाऱ्यांत मीही होते. मला ते फार लागलं. सांगता-सांगता गोष्ट कशी बदलते आणि खरं काय ते कसं ठरतं, हे बघायला तेव्हापासून पौराणिक कादंबरी आणि विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचं पुस्तक मी जोडीनं वाचते.

एक दोनशेपानी वही घ्या. कादंबरी वाचताना जो प्रसंग काळजाला भिडेल तो डाव्या पानावर लिहा. मग महाभारतातलं मूळ उपाख्यान काढा आणि तिथे काय आहे ते उजव्या पानावर. माझं पहिलं पान द्रौपदी स्वयंवराचं. "मी सूतपुत्राला वरणार नाही" हे वाक्य आपल्याला पाठ असतं. भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. तिच्या मुख्य पाठात हे वाक्य नाही, ते तळटीपेत गेलंय. म्हणून कर्णाची कादंबरी खोटी पडत नाही. लेखकाला तो अपमान का हवा होता, हे उजव्या पानाखाली लिहा. कादंबरीचं मर्म बहुतेक तिथेच सापडतं. शिरोड्याला शिक्षक असलेल्या खांडेकरांची 'ययाति' घ्या: आदिपर्वातली गोष्ट त्यांनी ययाति, देवयानी, शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून सांगितली. तिघांची बाजू वेगवेगळ्या रंगाच्या पेन्सिलीनं उतरवा.

तत्त्वज्ञानाचं पुस्तक मात्र पहिल्या पानापासून धरू नका, प्रस्तावनेतच दम लागतो. आधी हातात एक प्रयोग हवा. माझा हेलियमच. १८६८ साली सूर्याच्या वर्णपटात पिवळी रेघ दिसली. ती सोडियमची वाटली, पण सोडियमच्या डी-१ आणि डी-२ या दोन रेघांवर नेमकी बसेना. लॉकियरनी तिला डी-३ म्हटलं आणि नवं मूलद्रव्य मानलं. अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. १८९५मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीनी युरेनियमच्या खनिजातून तोच वायू काढून दाखवला. मध्ये सत्तावीस वर्षं!

आता विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचं पुस्तक उघडा. ते विचारतात: काय दिसलं असतं तर हे म्हणणं सोडून दिलं असतं? हा प्रश्न त्या सत्तावीस वर्षांतल्या प्रत्येक पक्षाला विचारा आणि उत्तर लिहा. मग विज्ञानाच्या इतिहासाचे आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक थॉमस कून. त्यांचं १९६२चं पुस्तक सांगतं, की मुरलेल्या चौकटीत काम करणारे शास्त्रज्ञ एका न जुळणाऱ्या निरीक्षणानं ती चौकट सोडत नाहीत. हेलियमचं पान समोर असलं की दोघांचा वाद कुठे आहे ते दिसतं. एका बैठकीला दहा पानं पुरेत. मला कून पुरा करायला मृगापासून दिवाळी लागली.

पेन्सिलच वापरा. पावसाळ्यात आपल्याकडे पानं ओलसर होतात, शाई फुटते.

शाळेची जुनी टाचणवही अजून माझ्याकडे आहे. सहलीच्या पानावर '१८६८'खाली रेघ मारून शेजारी '१८९८' लिहिलंय. जुना आकडा खोडलेला नाही, वाचता येतो.