इंग्लंडात नवीन आलात? आधी ‘न्यूज’ हा शब्द नीट शिका

गेल्या महिन्यात पुण्याहून आलेली एक मुलगी आमच्याकडे जेवायला आली होती. रेडिंगमधली तिची नोकरी सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. दिलेलं काम ठरल्यापेक्षा आधी संपलं म्हणून ती साहेबीणबाईंना मेल लिहीत होती. पाठवण्याआधी तिने मला तो दाखवला, आणि पहिलंच वाक्य होतं, ‘आय हॅव अ न्यूज फॉर यू’. मी म्हटलं, बाई गं, हे आधी खोड.

त्यातला ‘अ’ चुकीचा आहे, पण त्याने कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘फॉर यू’ने. ‘आयव्ह गॉट न्यूज फॉर यू’ हे इंग्रज माणूस बहुतेक वेळा समोरच्याला गप्प करायला म्हणतो. तुला वाटतं तसं काही होणार नाही, ऐक आता, असा त्याचा सूर असतो. आपण ‘खरपूस समाचार घेतला’ म्हणतो ना, त्याच जातीचं हे वाक्य आहे. आनंदाची गोष्ट सांगायची असेल तर ‘आय हॅव सम गुड न्यूज’ म्हणा. साधी माहिती द्यायची असेल तर ‘जस्ट टु लेट यू नो’ पुरे.

व्याकरण थोडक्यात. आपल्याकडे एक बातमी आणि अनेक बातम्या. लहानपणापासून आपण सातच्या बातम्या ऐकल्या. इंग्रजी ‘न्यूज’ दिसतो अनेकवचनी, पण वागतो एकवचनी: ‘द न्यूज इज’, ‘द न्यूज वॉज’. काही शतकांपूर्वी इंग्रजही तो अनेकवचनी वापरत, आता नाही. तो पिठासारखा समजा. ‘एक पीठ’ म्हणत नाहीत, वाटीभर पीठ म्हणतात. तसं ‘अ पीस ऑफ न्यूज’ किंवा नुसतं ‘सम न्यूज’. बीबीसीच्या निवेदकाने 18 एप्रिल 1930 रोजी, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, आज सांगण्यासारखं काही नाही हे ‘देअर इज नो न्यूज’ एवढ्या शब्दांत सांगितलं आणि उरलेला वेळ पियानो वाजवला गेला. हे वाक्य लक्षात ठेवलंत की ‘इज’ की ‘आर’ हा प्रश्न पडणार नाही. उच्चार ‘रोज’मधल्या ‘ज’चा, ‘जीव’मधल्या नव्हे. आणि चार दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हा शब्द झाला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ‘न्यू’ म्हणजे नवीन, त्यावरूनच तो आलेला आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

2008 च्या डिसेंबरात साताऱ्याला माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. मी करवली. ऑगस्टमध्येच आम्ही चौघांची तिकिटं काढली. ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी माझं नाव लिहिलं, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं, आणि रजा झाली असं धरून चालले. नोव्हेंबरात चहाच्या वेळी मॅनेजरना सहज म्हटलं, मी 12 तारखेला निघतेय. ते हसले आणि म्हणाले, ‘वेल, दॅट्स न्यूज टु मी.’

मला वाटलं, ते म्हणताहेत, अरे वा, हे मला नवीनच कळलं. मी ‘थँक यू’ म्हटलं आणि जागेवर गेले.

आठवडाभराने रजा नामंजूर झाल्याचं पत्र हातात पडलं. वर्षअखेरीचे हिशेब होते. तिकिटं बदलायला 740 पौंड लागले, आणि आम्ही साताऱ्यात पोचलो तेव्हा लग्नाच्या दिवशीची संध्याकाळ झाली होती. हळद नाही, मंगलाष्टकं नाहीत. करवलीच्या जागी चुलतबहीण उभी राहिली होती. सगळ्या फोटोंत तीच आहे.

‘दॅट्स न्यूज टु मी’ याचा अर्थ आहे: मला हे कुणी सांगितलेलं नाही, आणि कामाच्या ठिकाणी बहुधा, ते मला आवडलेलं नाही. तेव्हा ती तक्रार असते. इंग्रज माणूस आवाज चढवत नाही, तो शब्द बदलतो, आणि आपल्या लोकांना चढलेला आवाजच ऐकायची सवय असते. हे वाक्य कानावर पडलं की हातातलं काम थांबवा. लगेच म्हणा, ‘सॉरी, आय शुड हॅव आस्क्ड यू फर्स्ट’, आणि त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. कायद्याने वर्षाला 5.6 आठवडे भरपगारी रजा मिळते हे खरं, पण ठरावीक तारखांना नकार देण्याचा अधिकार मालकाला असतो. रजा लेखी मंजूर झाल्याशिवाय तिकीट काढू नका. लग्न सख्ख्या भावाचं असलं तरी नाही.

‘एनी न्यूज?’ हे आपल्या ‘काय विशेष?’सारखं वाटतं, पण इथे ते बहुधा एखाद्या अडलेल्या कामाबद्दल विचारतात. मेलमध्ये ‘एनी न्यूज ऑन धिस?’ आलं तर तो सभ्य शब्दांतला तगादा आहे. काम झालं नसेल तरी कधी होईल ते आजच कळवा. नुसती ख्यालीखुशाली विचारायची असेल तर ‘हाऊ आर थिंग्ज?’ म्हणा. ‘ही इज बॅड न्यूज’ म्हणजे त्या माणसापासून दूर राहा.

‘गुड न्यूज’बद्दल मात्र मला आपल्याच लोकांशी बोलायचं आहे. आपण या दोन शब्दांना एकच अर्थ चिकटवला आहे, दिवस गेल्याचा. लग्नाला वर्ष झालेल्या मुलीला हळदीकुंकवाला चारचौघींत ‘मग, गुड न्यूज कधी?’ विचारणाऱ्या बायका मी इथे अठरा वर्षं पाहतेय. त्यातल्या काही मुली नंतर रात्री फोन करून रडल्या आहेत. हे थांबवा. इंग्रज बाईला तर असं चुकूनही विचारू नका, नोकरीच्या ठिकाणी ते फार महागात पडेल. त्यांचं ‘गुड न्यूज!’ दुरुस्त झालेल्या प्रिंटरबद्दलही असतं. जोडपं स्वतःहून ‘वी हॅव सम न्यूज’ म्हणालं, तर ते काय ते सांगेपर्यंत थांबा.

दवाखान्यात रक्त तपासलं की कधीकधी सांगतात, ‘नो न्यूज इज गुड न्यूज’, काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक. त्यावर विसंबू नका. पत्र हरवतं, फोन नंबर चुकीचा लिहिलेला असतो. निकाल किती दिवसांत येईल आणि कुणाला फोन करायचा ते तिथेच विचारून घ्या. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, ॲपवरही पाहा, बऱ्याच ठिकाणी निकाल तिथे दिसतात.

आणि घरून तो फोन येतो तेव्हा. आपण दूर राहतो, आज ना उद्या तो येतोच. मला 2016 मध्ये आला, दुपारी, कामावर असताना. तेव्हा लांबलचक काही सुचत नाही. ‘आयव्ह हॅड सम बॅड न्यूज फ्रॉम होम’ एवढं म्हणा. यापुढे कुणी काही विचारणार नाही, तुम्हाला घरी पाठवतील. माझ्या त्याच मॅनेजरनी माझा कोट आणून दिला आणि स्वतःच्या गाडीतून मला घरी सोडलं.

साताऱ्याहून परतले तेव्हा दाराच्या आत कार्डं पडली होती. बहुतेकांवर एकच ओळ, ‘सो सॉरी टु हिअर युवर न्यूज’. मला लागलं ते. माझे वडील गेले, आणि यांच्या लेखी ती एक न्यूज? आपल्या ‘समाचार’ शब्दात बातमीही आहे आणि दुःखात भेटायला जाणंही. लोक घरी येतात, शेजारी बसतात. इथे कुणीच आलं नव्हतं. पुढे शेजारच्या आजींनी समजावलं की मरणाचा उच्चार घरच्यांनी केल्याशिवाय आपण करू नये, म्हणून तिथे तो शब्द येतो. आमची किल्ली त्यांच्याकडे असे. आम्ही परतायच्या आदल्या दिवशी त्यांनी फ्रिजमध्ये दूध आणून ठेवलं होतं. असं कार्ड आलं तर ‘थँक यू, इट मेंट अ लॉट’ एवढं लिहून उत्तर पाठवा, हातानं लिहून.