घटक चाचणी संगणकावर: कागद कुठे वाचतो, कुठे अडतो

नववीचा ६० मुलांचा वर्ग धरा. प्रत्येकाला पाठपोट छापलेली १ प्रश्नपत्रिका आणि उत्तरासाठी २ कागद, म्हणजे एका विषयाला १८० कागद. ६ विषयांचे झाले १०८०, ५०० कागदांच्या दोन रिमांहून जास्त. ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-फोर कागदात हे वजन सुमारे ५ किलो भरते, तेही एका तुकडीच्या एका चाचणीत.

सगळी चाचणी संगणकावर न्यायच्या भानगडीत पडू नका. भूमितीच्या आकृत्या, सिद्धता, निबंध हे कागदावरच बरे. वस्तुनिष्ठ आणि एका शब्दात उत्तरे असलेला भाग तेवढा गुगल फॉर्मवर घ्या, उरलेली उत्तरे मुलांना विषयाच्या वहीतच लिहू द्या. वेगळी पुरवणी लागत नाही.

प्रश्न युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका थेट चिकटवली की अक्षरांचा खिचडा होतो, आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. फॉर्ममध्ये समीकरण लिहिण्याची सोय नाही, तेव्हा अपूर्णांक, वर्गमुळे वर्डमध्ये लिहून त्यांचे चित्र प्रश्नाला जोडा.

सेटिंग्जमध्ये ‘क्विझ’ चालू करून प्रत्येक प्रश्नाचे गुण आणि उत्तर भरा. मराठी माध्यमात खरी गोची इथेच होते. लघुत्तरी प्रश्नात फॉर्म अक्षराला अक्षर जुळवतो. ‘25’ बरोबर ठेवले आणि मुलाने ‘२५’ लिहिले, तर शून्य गुण. ‘पाणिनी’ आणि ‘पाणिनि’ त्याच्या लेखी दोन वेगळी माणसे. म्हणून उत्तरसूचीत सगळी मान्य रूपे भरा आणि चुकीची ठरलेली उत्तरे नंतर एकदा डोळ्यांखालून घाला. पर्यायांचा क्रम आपोआप बदलणार असेल तर ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय ठेवू नका. तो कधी सर्वांत वर जाऊन बसतो आणि प्रश्नच निरर्थक होतो.

२० संगणक असतील तर २०-२० च्या तीन तुकड्या पाडा. सगळ्या यंत्रांवर शिक्षकाचे एकच खाते उघडे ठेवणे ही नेहमीची चूक: फॉर्म अर्धवट उत्तरे त्या खात्यात जपून ठेवतो आणि एकाची उत्तरे दुसऱ्याच्या पडद्यावर उमटू शकतात. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून गुप्त खिडकी उघडा आणि खात्यात न शिरता दुवा द्या. याची किंमतही आहे: वीज गेली की भरलेले सगळे जाते. यूपीएस नसेल तर ३० प्रश्नांचा एक फॉर्म करण्यापेक्षा १०-१० चे तीन करा, नुकसान झालेच तर १० प्रश्नांचे.

ईमेल घेतला नसल्यामुळे पहिले दोन प्रश्न हजेरी क्रमांक आणि नाव असे अनिवार्य ठेवा. अशा वेळी मुलाने फॉर्म पाठवताच त्याला गुण दिसू शकतात. तेव्हा ‘बरोबर उत्तरे’ आणि ‘चुकलेले प्रश्न’ दाखवणे बंद करा, नाहीतर पहिली तुकडी बाहेर पडताच व्हरांड्यात उत्तरसूची फुटलीच म्हणून समजा. ‘आणखी एक प्रतिसाद पाठवा’ हा दुवाही काढा. शेवटची तुकडी उठली की प्रतिसाद घेणे थांबवा. एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी आल्या असतील तर वेळ पाहून पहिली धरा.

गुण फॉर्मला जोडलेल्या गुगल शीटमध्ये जमा होतात. तिथून ते हजेरी क्रमांकाने लावून थेट गुणतक्त्यात घ्या. ‘रेकॉर्डला असू दे’ म्हणून प्रत्येकाचा प्रतिसाद छापत बसलात तर वाचवलेले रीम तिथेच संपते. मुख्याध्यापकांच्या सहीसाठी वर्गाच्या गुणांचे एक पान पुरते.

लोडशेडिंगच्या दिवसासाठी ५-६ प्रती मात्र छापून ठेवा, पाठकोऱ्या कागदांवर. चार मुलांत एक प्रत फिरवून २० जणांची तुकडी निभावते.